हात बसेपर्यंत

मंगळवार, ४ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. मी बरी आहे, वेळेवर जेवते, खोकला गेला.

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. ‘सरांना माझा मुद्दा पटला’ असं मी लिहिलं होतं. ते खरं नाही. मी सरांशी बोललेच नव्हते. दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. आणि तू ते शिवणाच्या दुकानात येईल त्याला सांगत सुटलीस!

मुद्दा पुन्हा सांगते. मी ज्या तत्त्वज्ञावर प्रबंध लिहिते आहे, तो नियमांचा माणूस असं सगळे मानतात. आधी नियम शोधा, मग तसं वागा. सरांच्या पुस्तकातलं तिसरं प्रकरण त्यावरच आहे. पण ग्रंथालयात मला त्याची विद्यार्थिदशेतली वही सापडली. पानंच्या पानं प्राचीन ग्रीकांचा नीतिविचार उतरवलेला, आणि समासात त्याचं स्वतःचं: ‘माणूस आधी धीट होत नाही, धिटाईने वागत वागत होतो.’ चाळीस वर्षांनी शेवटच्या ग्रंथात त्याने हेच मांडलं. लोकांनी ते म्हातारपणीचं भरकटणं समजून सोडून दिलं.

मला ते वाचताक्षणी उमगलं, कारण शाळेआधी तू मला घरी शिकवलंस. चिंध्यांवर काजं करून घ्यायचीस. “कळलं गं,” म्हटलं की म्हणायचीस, “कळून काय उपयोग? हात बसू दे.” ग्रीकांचं म्हणणं तेच, आत्या. चांगुलपणाचाही हात बसावा लागतो.

आणि हे लिहिणारी मी दारातून परत फिरत होते.

काल आत गेले. मुद्दा एका दमात सांगून टाकला.

“म्हणजे माझं पुस्तक चुकलं म्हणता?”

“सगळं नाही, सर. तिसरं प्रकरण.”

“वा! सवलत दिलीत.”

मग त्यांनी वहीच्या प्रती वाचल्या. दोनदा. चष्मा काढला. “वीस वर्षं मी याला भलत्याच घराण्यात घातलं होतं की काय? चौदा तारखेच्या परिषदेत मांडा हे. मी पहिल्या रांगेत बसून भांडणार.”

“भांडा, सर,” मी म्हणाले. मी, आत्या!

पूर्ण पटलं असं ते अजून म्हणालेले नाहीत, हे दुकानात नीट सांग. पण जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या मी उडी मारून उतरले. ग्रंथपालबाई बघत होत्या. बघेनात का!

सभागृहात सरांच्या मताचे पन्नास जण तरी असतील. मी कागद न बघता बोलणार आहे.

तुझी भित्री भागूबाई,
शुक्रवार, १४ मार्च, सकाळी अकरा वाजेपर्यंतच.