जेवायचा पाट

ताथवडे

ती. आई,

आधी देवापुढं साखर ठेव, मग पुढं वाच. तुझ्या लेकीला पीएचडीला प्रवेश मिळाला!

चाकणच्या कंपनीत माझा हात मशीनच्या बटणाला पुरेना, म्हणून तू दिलेला जेवायचा पाट मी पायाखाली घेतला होता. "अन्नाच्या पाटावर बूट?" म्हणून तू किती दिवस फोन घेतला नाहीस! मुलाखतीला मी तोच पाट नेला. म्हटलं, "मशिनी पुरुषांच्या उंचीच्या, चालवणार बाया. आधी माणूस बघून मग मशीन कशी घडवायची, हे मला शोधायचंय." मुलाखत घेणाऱ्या तिघांतल्या मधल्या मॅडम उठल्या, चपला काढल्या आणि पाटावर चढून बघितलं. आई, तिथंच मी जिंकले!

नोकरी सोडली, पण काळजी करू नको. विद्यावेतन सुरू होईलच, तोवर शिकवण्या आहेत. जेवण वेळेवर होतं, बहुतेक. अप्पांचा खोकला कसाय? खरं सांग.

कॉलेजवाले पाट ठेवून घ्यायला मागत होते. दिला नाही. घासूनपुसून दिवाळीला आणते. जन्मभर आम्हाला पाटावर बसवून तू फरशीवर जेवलीस. या खेपेला पाटावर तू बसायचंस. वाढणार मी.

तुझी,
उत्कर्षा