गड्डीतली भावकी

पिंगळी, बुधवार

तीर्थस्वरूप रुख्मिणी आक्कांच्या चरणी धाकट्या भावजयीचा, कडूबाईचा दंडवत. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरने खाली बसायला मनाई केली आहे असं तुमची नात वैष्णवी म्हणाली, आणि तुम्ही खाली बसूनच डाळ निवडता असंही तीच म्हणाली. (पोरीवर रागावू नका, मीच खोदून विचारलं.) इकडे मी आणि माझी नात सृष्टी बऱ्या आहोत. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर तुम्हाला कमी ऐकू येतं, मग मला ओरडावं लागतं, आणि आजचा विषय गल्लीला ऐकवण्यासारखा नाही. विषय पत्त्यांचा आहे. चष्मा काढून ठेवू नका आक्का, पुढे वाचा.

तुम्ही तुमच्या भावाच्या तरुणपणी त्यांचा कॅट चुलीत घातला होता, ते हे पत्ते नव्हेत. हे आताच्या पोरांचे. प्रत्येक पत्त्यावर एखादा प्राणी, राक्षस नाहीतर जादूगार छापलेला असतो, आणि खाली तो काय करू शकतो ते बारीक अक्षरात. ज्याने त्याने आपली गड्डी आपण जुळवायची, कमीत कमी चाळीस पत्त्यांची, आणि समोरच्याच्या गड्डीशी लढायचं. पैसे लावत नाहीत. (लावत असते तर तुम्हाला लिहिण्याची छाती झाली असती का?) परभणीला एका दुकानात येत्या रविवारी जोडीची स्पर्धा आहे. सृष्टीची जोडी तिच्या मैत्रिणीबरोबर, भक्तीबरोबर होती. दोघींनी वर्षभर तयारी केली आणि ऐन वेळेला भक्तीच्या वडिलांची सेलूला बदली झाली. आता ते तिला पाठवायला तयार नाहीत. जोडीदार नसला तर नाव कापतात. आपली सृष्टी रडणाऱ्यातली नाही, नुसती भाकरीचे बारीक बारीक तुकडे करत ताटावर बसून राहते. दोन-तीन जेवणं मी ते पाहिलं आणि म्हटलं, मी बसते तुझ्या जोडीला. ती हसली नाही, हे तिचे उपकार.

मला मराठी सगळं वाचता येतं, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचल्याशिवाय टाकत नाही. पण या पत्त्यांवर सगळं इंग्रजी. सृष्टीने एकेक पत्ता समजावून सांगितला, तरी ती नावं काही जिभेवर बसेनात. मग मी त्यांना घरची नावं दिली. आगीचा एक पक्षी आहे, तो येतो, जाळपोळ करतो आणि निघून जातो. त्याला मी बन्सीधर भावजी म्हणते. एक कासव आहे, कितीही मार बसला तरी जागचं हलत नाही. ती आपली तानुबाई. एक जादूगारीण समोरच्याच्या हातात काय आहे ते डोकावून बघते. तिचं नाव चतुरामावशी, आणि तिचं काम मला दुसऱ्यांदा विचारावं लागलं नाही. नावं पडली तसं सगळं पाठ झालं. घोळही तिथूनच सुरू झाला.

कारण गड्डी जुळवायची म्हणजे निवड करायची, आणि एकदा नाव पडल्यावर माणूस वगळायचा कसा? बन्सीधर भावजींना बोलावलं आणि त्यांच्या धाकट्याला नाही, असं चालतं का? माहेरचे घेतले आणि सासरचे राहिले तर बोल कुणाला लागेल? चाळीसच्या वर घ्यायला नियमात बंदी नव्हती, म्हणून मी घरटी एक याप्रमाणे सगळी भावकी गोळा केली. गड्डी एका हातात मावेना. सृष्टी म्हणाली, "आजी, ही गड्डी हाय का लग्नाची पंगत?" मी म्हटलं पंगतच आहे, कुणी रुसून जायला नको.

गेल्या रविवारी सरावाला त्या दुकानात गेलो. माझ्यासमोर कॉलेजातली एक मुलगी बसली. तिने आधी वाकून नमस्कार केला आणि मग काही दयामाया ठेवली नाही. मला हवे बन्सीधर भावजी, आणि हातात येताहेत एकामागून एक असे पाहुणे, ज्यांचा लग्नघरात जेवण्यापलीकडे काही उपयोग नसतो. शेवटी एकदाचे भावजी आले, पण त्यांना मैदानात उतरवायचं तर आपलाच एक पत्ता बळी द्यावा लागतो, आणि माझ्यापुढे होती फक्त तानुबाई. आक्का, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतं झालेलं, तिला मी कशी देऊ? मी म्हटलं, राहू दे, भावजी बसतील हातातच. सृष्टी शेजारून कळवळून म्हणाली, "आजी, तानुबाईला मरू दे आता." सगळं दुकान वळून बघायला लागलं. दुकानदाराने मला पाणी आणून दिलं आणि हळूच विचारलं, पेशंट कुठे ठेवलाय. मी हरले. तानुबाई मात्र शेवटपर्यंत जागेवर होती.

घरी आल्यावर सृष्टीने मला खाली बसवून समजावलं. पत्ते मोजके घ्यायचे, पण कामाचे, आणि एकच पत्ता तीनदा घेता येतो म्हणजे वेळेला हाताशी लागतो. म्हणजे तीन बन्सीधर. (एक सांभाळताना आपल्या घराण्याची काय दमछाक झाली, ते तुम्हाला मी काय सांगू?) मी एकेकाला हात जोडून बाजूला काढलं. तानुबाईला काढलं ते सृष्टीने फोनवर खुद्द तानुबाईलाच सांगून टाकलं, आणि ती खरोखर रुसली. "डोळा गेला म्हून काढलं का मला?" असं म्हणाली. आपण म्हणजे कासव, हे समजावून सांगितल्यावर तर बोलायचीच बंद झाली. आता तिला मानाने परत घेतलं आहे. सृष्टी म्हणते त्याने जिंकण्याची आशा थोडी कमी होते. होऊ दे थोडी.

एक पत्ता असा आहे की तो टाकला की मेलेल्यांच्या ढिगातून एकाला परत उचलता येतं. मी विचारलं, कुणालाही? सृष्टी म्हणाली, हो, कुणालाही. मग याला काय नाव द्यायचं म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, हा असू दे बिननावाचा. दुपारची कामं आटोपली की तुमचे भाऊ आणि मी गोठ्याच्या सावलीला पत्ते खेळायचो. ते आपले पत्ते मला दिसतील असेच धरायचे, आणि हरले की म्हणायचे, बायकोचं नशीब लय जोरावर हाय. त्यांच्यामागे दुपारी फार लांब झाल्या. अलीकडे गड्डी पसरून बसले की चहाची वेळ कधी होते कळत नाही.

वैष्णवीला आशीर्वाद. डाळ निवडायचीच असेल तर खुर्चीवर बसून निवडा.

तुमची
कडू

ता. क. वैष्णवीचा अभ्यास बुडतो म्हणून तुम्ही तिचे असलेच पत्ते काढून ट्रंकेत कुलपात ठेवले आहेत, ते योग्यच केलंत. त्यात निळ्या झग्यातली एक राणी आहे, हातात काठी. ती मैदानात आली की समोरचे सगळे जागच्या जागी गप्प बसतात, कुणाची हलायची हिंमत होत नाही. आमच्या गड्डीला हिचीच उणीव आहे आणि परभणीत ती कुणाकडे मिळाली नाही. तिला मी काय नाव ठेवलं ते लिहीत नाही, तुम्ही ओळखलं असेल. शनिवारी वैष्णवी बसने परभणीला येणार आहे, तिच्याबरोबर द्यावी.

आणखी एक. वरचं लिहून झालं आणि भक्तीचा फोन आला. तिचे वडील तयार झाले, रविवारी ती सेलूहून गाडीने येऊ शकते. मी सृष्टीला सांगितलं, आणि पोरीला अवघड वाटू नये म्हणून तिच्यादेखत सगळी भावकी डब्यात भरली, म्हटलं सुटले एकदाची. ती फोन घेऊन अंगणात गेली. परत आल्यावर म्हणाली, "भक्तीला म्हणलं, बघायला ये, पुढल्या बारीला तू. औंदा माझी जोडी ठरलेली हाय."

आक्का, हे गेल्यापासून मला जोडीने कुणी कुठे बसवलं नाही. रीतच आहे, माझी तक्रार नाही. पण दुकानाच्या फळ्यावर आता खडूने लिहिलंय, सृष्टी-कडूबाई, आणि मला हरायचं नाही. राणी पाठवाच. ट्रंकेची किल्ली सापडत नाही असं कळवू नका, ती तुमच्या कमरेला असते.