जुळणी क्रमांक सतरा

२ मार्च २०२५, रविवार

माझ्या दहा तारांच्या वाद्याची जुळणी क्रमांक सोळा आज रद्द. तिच्यात डाव्या हाताचा सा आणि उजव्या हाताचा सा शेजारशेजारच्या तारांवर येतात आणि द्रुत लयीत मनगटं एकमेकांवर आदळतात. घड्याळाच्या काचेला तडा गेला. दोष माझ्या हातांचा नाही, जुळणीचा आहे.

सतरावी कागदावर तयार आहे. खालच्या पाच तारा सा-प-सा-प-सा, वरच्या पाच उलट्या क्रमाने. असं कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. कुणाकडे शिकलो नाही म्हणूनच हे सुचतं. शिकलेला माणूस पहिल्याच जुळणीवर थांबतो.

हेमावतीला आकृती दाखवली. शेंगा सोलता सोलता तिने पाहिली. म्हणाली, “अहो, नऊ वर्षं तारा लावताच आहात. वाजवणार कधी?”

मी आकृतीवरची टरफलं झटकली आणि सतरावीचं कोष्टक आखायला घेतलं.

५ मार्च

हेमावतीच्या भजनी मंडळाची पेटीवाली मुलीकडे हैदराबादला गेली, कायमची. रामनवमी एक महिन्यावर. मंडळ अकरा बायकांचं, तालीम चामराजपेटला शारदाक्कांच्या घरी. अक्का म्हणजे माझ्या आईची मावसबहीण, वय चौऱ्याहत्तर. रामनवमीला बरोबर बाराच्या ठोक्याला रामाचा पाळणा अक्काच म्हणतात. एक्केचाळीस वर्षं. त्या सुरू करेपर्यंत देवळात कुणी खोकतसुद्धा नाही.

मी म्हटलं, पेटीची जागा मी भरतो.

हेमावतीने आधी भाताचा कुकर उतरवला. मग म्हणाली, अक्कांना विचारते.

६ मार्च

अक्का “सरी” म्हणाल्या, म्हणजे चालेल. नऊ वर्षांनी पहिला कार्यक्रम!

९ मार्च, रविवार

सकाळी दहाही तारा नव्या चढवल्या, सतराव्या जुळणीत लावल्या आणि तडक निघालो. रिक्षावाल्याने विचारलं, पडद्याचा दांडा का सर? त्याला नीट सांगितलं — हे वाद्य उभं गळ्यात अडकवायचं, छेडायचं नाही. दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर टकटक आपटायचं, डावीकडे खर्ज, उजवीकडे चाल. तो म्हणाला, म्हणजे टायपिंग. जयनगरपर्यंत समजावत होतो. नंतर त्यानेच रेडिओ लावला.

तालमीला गेल्या गेल्या मंडळाची तंबोऱ्याची पेटी बंद करायला सांगितली. विजेवरचं खेळणं ते! म्हटलं, सूर माझी खर्जाची तार देईल. टाळ वाजवणाऱ्या सोयराबाईंनी वाद्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि याच्यावर इस्त्री होते का, असं हेमावतीला विचारलं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

पाळणा अकरा मिनिटांचा. मी खालच्या सा वर राहिलो, मधूनमधून पंचम. शेवटाकडे काहीतरी खटकायला लागलं. सुदैवाने सगळं फोनवर ध्वनिमुद्रित केलं होतं.

११ मार्च

खटकत होतं ते सापडलं. मंडळ चढतं!

एका सुरापासून लगतच्या सुरापर्यंत शंभर भाग धरले, तर पाळण्याच्या अखेरीस अक्का माझ्या तारेच्या चौतीस भाग वर आहेत. बाकीच्या त्यांच्यामागे. मिनिटाला साधारण तीन भाग, अगदी सरळ रेषेत. एक्केचाळीस वर्षं हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात मी गेली सव्वीस वर्षं मोजमापाची उपकरणं तपासतो. माझ्या हातून चूक सुटत नाही.

१६ मार्च, रविवार

आलेख छापून, वर प्लास्टिक चढवून नेला. अकरा प्रती. अक्कांची रेष लाल ठेवली, मान म्हणून.

बायकांनी कागद उलटसुलट केला. एकीने हा रक्तदाबाचा आहे का विचारलं. मी पाच मिनिटांत सगळं स्पष्ट केलं. कुणाला दोष देत नाही, वयाप्रमाणे असं होतं, हेही सांगितलं.

अक्कांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा पाहिला, घडी घालायला गेल्या — प्लास्टिकची घडी पडेना. शेवटी मांडीखाली ठेवला. म्हणाल्या, “सूर चढतो म्हणतोस. सरी. मग मी ऐकते, तुम्ही म्हणा.”

आणि खरंच गायल्या नाहीत.

१८ मार्च

हेमावती माझ्याशी कन्नडात बोलते आहे. गॅसवाल्याशी बोलते तशी.

२३ मार्च, रविवार

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, हात मांडीत. पाळणा सोयराबाईंनी म्हटला. त्यांचा आवाज टाळ वाजवण्यासाठीच चांगला आहे. दुसऱ्याच कडव्याला थांबल्या आणि माझ्याकडे वळल्या. “त्रिविक्रमराव, असा पाळणा म्हटला तर राम उठून वनवासाला जाईल. आधी अक्कांना गायला लावा.”

मी म्हटलं, मी फक्त मोजलं.

नंतर कॉफी सगळ्यांना दिली, मला दिली नाही. विसरल्या असतील.

घरी येताना बसमध्ये हेमावती म्हणाली (मराठीत!), “अक्का घरातसुद्धा गुणगुणत नाहीत आता. त्यांच्या सुनेचा फोन आला होता.”

रामनवमीला चौदा दिवस.

२६ मार्च

अक्कांची समजूत काढावी म्हणून दुसरा आलेख करायला बसलो. अकरा जणींत सर्वांत कमी चढणाऱ्या अक्काच, हे सिद्ध करायचं होतं. त्यासाठी माझी तार बाजूला ठेवून ९ तारखेच्या ध्वनिमुद्रणातला प्रत्येकीचा सूर थेट ट्यूनरवर मोजला.

पहिलं मिनिट, अक्का: काळी चार, तंतोतंत. सहावं मिनिट: काळी चार. अकरावं मिनिट: काळी चार. काटा हलत नाही.

तीनदा मोजलं. ट्यूनरची बॅटरी बदलली. पुन्हा मोजलं.

मग माझी तार मोजली.

अकरा मिनिटांत चौतीस भाग खाली. नवी तार, नवा ताण — बसायला दोन-तीन दिवस लागतात. मी चढवली आणि तासाभरात रिक्षात बसलो.

२७ मार्च

कारणं. १) चामराजपेटची हवा. — खोडलं. २) रिक्षाचे धक्के. — खोडलं. ३) तारांचा दर्जा. — खोडलं, मीच निवडल्या होत्या.

मागच्या महिन्यात कारखान्यात एका मुलीचा अहवाल मी परत केला होता. तिने ज्या मापाने मोजलं, ते माप आधी तपासलं नव्हतं. सगळ्यांसमोर परत केला होता.

३० मार्च, पाडवा

कडुनिंब-गूळ खाल्ला आणि एकटाच अक्कांकडे गेलो. वाद्य नेलं नाही. दुरुस्त आलेख नेला. हेमावती दारात म्हणाली, तो कागद तरी घरी ठेवा. पण पुरावा नको का?

अक्का तांदूळ निवडत होत्या. सगळं सांगितलं. सव्वीस वर्षांत प्रथमच “माझी चूक” हे शब्द तोंडाने काढले. दोनदा काढावे लागले, पहिल्यांदा ऐकू गेले नाहीत.

त्या निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, “तुझी तार उतरत होती ते मला तेव्हाच ऐकू आलं होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलणार होते. तेवढ्यात तू कागद आणलास. छापलेला. मला वाटलं, कानच गेले आता. चौऱ्याहत्तर म्हणजे काय, जायचेच.”

दुरुस्त आलेख पुढे केला. त्यांनी घेतला, न पाहता जमिनीवर ठेवला आणि वर माझ्या कॉफीचा गरम पेला ठेवला. प्लास्टिक आहे, म्हणाल्या, डाग पडत नाही.

निघताना विचारलं, रामनवमीला गाणार ना?

“बघू.”

६ एप्रिल, रामनवमी

तारा आठवडाभर बसवल्या आहेत. सकाळपासून सहा वेळा तपासल्या.

पावणेबारा. देऊळ भरलेलं, पाळणा फुलांनी मढवलेला, सोयराबाई पाळण्याची वही उघडून घाबरलेल्या. अक्का मागे, खांबाजवळ. अकरा पंचावन्न. अक्का उठल्या, गुडघ्याला हात लावत पुढे आल्या, सोयराबाईंची वही मिटली आणि माझ्यासमोर बसल्या.

“सा दे.”

दिला.

“खाली आहे.”

ट्यूनरवर हिरवा दिवा होता. दाखवला. त्यांनी दिव्याकडे पाहिलंच नाही. “खाली आहे, त्रिविक्रमा.”

सगळं देऊळ बघत होतं. मी ट्यूनर काढून खिशात टाकला. खुंटी वर घेतली. अजून, म्हणाल्या. किंचित. अजून. मग त्यांनी डोळे मिटले आणि तोच सा गळ्यातून काढला — आणि तार आपोआप घुमायला लागली. मी बोट लावलं नव्हतं. हे मी मोजलेलं नाही.

बारा. कुणी खोकलं नाही.

अकरा मिनिटं मी एकच तार वाजवली. पंचमसुद्धा घेतला नाही. हेमावती समोर बसली होती. मधे एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली.

प्रसादाचं गुळाचं पानक वाटताना सोयराबाई म्हणाल्या, त्रिविक्रमराव, उरलेल्या नऊ तारा कपडे वाळत घालायला का? आज मला दोन पेले मिळाले. भिजवलेल्या मुगाच्या डाळीची कोसंबरीही.

७ एप्रिल, सोमवार

पहाटे पावणेपाचला उठलो, सहाला अक्कांच्या दारात. काल देवळातून निघताना त्यांनीच बोलावलं. वाद्य आणायचं नाही, म्हणाल्या. अर्धा तास नुसता सा. गळ्याने. एकदाही बरोबर लागला नाही. उद्या परत बोलावलंय.