धुवायला दिलेला रोल

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद. वि. वि.

भाचीचं लग्न तोंडावर आलं आणि मामा पत्राला महाग! हॉल ठरला, कपडे शिवायला टाकले. घोडं अडलंय फोटोग्राफरवर. एकाच्या अल्बममध्ये नवरी कोण नि भिंत कोण कळेना, इतकं सगळं गोरंपान. दुसरा बघायला गेलो तर आम्हालाच हुकूम सोडू लागला.

लेकीला पसंत पडली एक मुलगी. कमी बोलते, पण तिचं काम पाहून मलाही भरून आलं. दुकानाची जागा नवी, पण निघताना पाटीवर जुनंच नाव वाचलं आणि पाय थबकले. माझ्या लग्नाचा रोल धुताना ज्याने वाया घालवला, त्या स्टुडिओवाल्याची ही मुलगी! बाबा वर्षभरात गेले. लग्नातला त्यांचा एक फोटो माझ्याकडे नाही. मी साफ नाही म्हटलं. लेक चार दिवस बोलत नाही. आता तूच तिची समजूत घाल.

रागावले तरी लोभ आहेच, तो काय लिहून कळवायचा?

तुझी ताई

२७ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. समजूत भाचीची नाही, तुझी घालायची आहे.

तुझ्या लग्नात फोटो मीच काढणार म्हणून हटून बसलो होतो, आठवतं? त्या दिवशी रोल गुंडाळून न घेताच मी भर उन्हात कॅमेऱ्याचं झाकण उघडलं. झटकन मिटलं, पण उजेड आत गेलाच होता. कुणी पाहिलं नाही, आणि रोल गुपचूप धुवायला दिला. तो वाया गेल्याचं कळल्यावर बाबा त्या माणसाला त्याच्याच दुकानात नाही नाही ते बोलले. मी शेजारी उभा होतो. आज सांगू, उद्या सांगू म्हणता बाबा गेले, मग धीरच झाला नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण. त्या मुलीलाच काम दे.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

दोन दिवस तुझा राग राग केला. मग माझीच मला लाज वाटली. बाबा एकदाच बोलले. मी मात्र तीस वर्षं, ज्याच्या घरी लग्न निघेल त्याला सांगत आले, की तिथे जाऊ नका.

काल लेकीला घेऊन स्टुडिओत गेले. त्या मुलीचे वडील आतल्या खोलीत बसले होते. हात जोडून सगळं सांगितलं. म्हणाले, रोल धुताक्षणीच त्यांना कळलं होतं की आधीच उजेड लागलाय. पण तू रडवेला उभा होतास, बापासमोर तुला उघडं पाडवलं नाही. पोरगा उद्या येऊन सांगेल, असं ते बायकोला म्हणाले. बरेच दिवस वाट पाहिली. पुढे लग्नाची कामं येईनाशी झाली, पासपोर्टच्या फोटोंवर घर चाललं.

त्यांच्या मुलीने आपली तारीख गेल्याच आठवड्यात दुसऱ्यांना दिली. तू वेळेवर लिहिलं असतंस तर! शेवटी तो हुकूम सोडणाराच ठरवला.

माझ्या वाटची माफी मी मागितली. तुझ्या वाटची मागितली नाही. त्यासाठी लग्नाच्या दोन दिवस आधी ये. त्यांना आता नीट दिसत नाही, म्हणून आत गेल्यावर आधी तू कोण ते सांग.

लोभ कमी होत नाही, काय करू?

तुझी ताई