मिटलेल्या डोळ्यांचा आकडा

१६ ऑगस्ट १९६१
कापसाचा जिन पावसाळ्यापुरता बंद, म्हणून कॉलेजात चौधरी सरांकडे, प्रयोगाच्या मदतीला. जन्मभर कापसाच्या गाठी दाबल्या, आता बिस्मथ धातूची टिकली दाबतो. दोन पोलादी ठोकळ्यांत टिकली, खाली पंप. दाब फार चढला की तिच्यातून वीज एकदम जास्त वाहू लागते. सर विजेच्या काट्याकडे बघतात, 'आता!' म्हणतात. मी दाबाच्या काट्यावरचा आकडा सांगतो. आज बासष्ट.

१७ ऑगस्ट
ठोकळा फुटला. बंदुकीसारखा आवाज. तुकडा वाळूच्या पोत्यात घुसला. सर हसले, "शामराव, कापूस असा फुटत नाही ना?" मीही हसलो. निघताना पोत्यातलं भोक बोटानं चाचपलं.

१८ ऑगस्ट, शुक्रवार
नवा ठोकळा. पंचावन्नच्या पुढे डोळे आपोआप मिटले. मनात त्रिशरण. सर ओरडले, "आता!" मी म्हणालो, "बासष्ट." काटा पाहिलाच नव्हता. डोळे उघडेपर्यंत सरांनी दाब सोडलेला.
"दोनदा बासष्ट! काय नजर आहे!" त्यांनी चहा मागवला. मी प्यायलो.

२० ऑगस्ट, रविवार
विहारात वंदना. चौथ्या शीलाला ओठ हलले, आवाज नाही. खोटं बोलणार नाही, हे दीक्षेच्या दिवशी सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हटलं होतं. आणि बोललो ते बुद्धाला शरण जाता जाता.
घरी बायको, गिरजा, म्हणाली, "जेवून काहून नाही राह्यले? सायबानं काढलं का तुमाले?"
काढलं असतं तर बरं.

२१ ऑगस्ट
सरांनी नागपूरला पाठवायचा कागद वाचून दाखवला. 'दोन्ही वेळा दाब तंतोतंत एक.' खाली माझं नाव, आकडे वाचणारा म्हणून. सांगणारच होतो, पण...
"उद्याच्या टपालानं टाकू," म्हणाले. मी म्हणालो, "जी."

२२ ऑगस्ट
सकाळीच गेलो. सर पाकीट चिकटवत होते.
"थांबा जी. शुक्रवारी मी पाह्यलंच नाही. भ्यालो होतो. डोळे मिटले होते."
त्यांनी पाकीट टेबलावर ठेवलं. मग, "आणि बुधवारचे बासष्ट?"
"ते पाह्यले होते जी." खरं तेच, पण माझ्या तोंडून मलाच खोटं वाटलं.
सरांनी नवी टिकली बसवली. "मारा पंप."
पंचावन्न. साठ. डोळ्यांत पाणी आलं, मिटू दिले नाहीत. बासष्ट गेलं.
"आता!"
"चौसष्ट."
सर उठले, माझ्या खांद्यावरून स्वतः काटा पाहिला, मगच लिहिलं. आजवर कधी पाहिला नव्हता.
निघालो तेव्हा पाकीट टेबलावरच होतं. उद्या यायचं की नाही, ते बोलले नाहीत.