पगार कापून घेणाऱ्यांची सभा

वॉटफर्ड,
रविवार, २३ सप्टेंबर २०१८

प्रिय मधुमती,

तुला नमस्कार, आणि तुझ्या उजव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण तुझ्यापेक्षा त्याचीच चौकशी मला जास्त करावी लागते. डॉक्टरांनी दिलेले व्यायाम करतेस, की तो तक्ता नुसता भिंतीला लावून ठेवला आहेस? संघटनेच्या कार्यालयाचा जिना चढत जाऊ नकोस. बायांना खाली बोलाव, त्यांचे गुडघे अजून शाबूत आहेत. माझी प्रकृती उत्तम आहे. इथले लोक चहात थंड दूध ओततात, ते सोडलं तर तक्रार नाही. ईशिता दहा महिन्यांची झाली. चार दात आले आहेत, सोफ्याला धरून उभी राहते आणि समोर हजारभर माणसं बसली असावीत तशी खोलीभर नजर फिरवते. (हे आजीचं कौतुक आहे, त्यातलं निम्मं वजा कर.)

व्हॉट्सॲपवर न लिहिता टपालाने लिहिते आहे, कारण तुझा फोन आधी तुझा नंदू वाचतो आणि मग तुला मोठ्याने वाचून दाखवतो. इथे माझ्या लेकीच्या, ऋजुताच्या घरात फोन कायम स्पीकरवर असतो, त्यामुळे बोलायचीही सोय नाही. पत्र तू एकटीने वाच. शेवटपर्यंत वाच.

मधुमती, मी पूर्ण गोंधळले आहे. अंगणवाडीच्या बायांची संघटना आपण तीस वर्षं चालवली. पावसात बोलले, माइक बंद पडला तरी बोलले, एकदा तर १०३ ताप असताना बोलले. पण आपण कोणत्या बाजूने बोलतो आहोत हे मला नेहमी ठाऊक असायचं. गेल्या गुरुवारपासून ते ठाऊक नाही.

आधी परिस्थिती सांगते. मी पाहुणी म्हणून आले आहे आणि १४ ऑक्टोबरचं माझं परतीचं तिकीट आहे. ऋजुता बाळंतपणाच्या रजेनंतर तीन सप्टेंबरला पुन्हा हॉस्पिटलात एक्स-रे विभागात रुजू झाली, आठवड्याला तीन दिवस. मी गेल्यावर ते तीन दिवस ईशिताला नर्सरीत ठेवायचं ठरलं आहे. नर्सरीची फी ऐकून मी वहीत लिहिली, रुपयांत केली आणि खोडून टाकली. त्यावर नागपूरहून विहीणबाईंनी, म्हणजे मिहीरच्या आईने, सुहासिनीबाईंनी, ऑगस्टमध्येच व्हिडिओवर तोडगा काढला होता. एखादं वर्ष ईशिताला अकोल्याला पाठवा, सुलक्षणाताई आहेतच, लेकरांत आयुष्य गेलंय त्यांचं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ऋजुता पटकन म्हणाली, नको, व्हाउचरचं जमलं की नर्सरी परवडेल. मी काहीच बोलले नाही. (हे वाक्य लक्षात ठेव.)

आता हे व्हाउचर काय ते मला समजलं तितकं सांगते. मला नीट समजलेलं नाही, तेव्हा तुलाही नीट समजणार नाही, पण आपण बरोबर असू. मिहीरच्या कंपनीने त्याचा पगार दरमहा २४३ पौंडांनी कापायचा आणि तेवढ्याच रकमेचं व्हाउचर त्याला द्यायचं. ते फक्त नोंदलेल्या नर्सरीत किंवा पाळणाघरात चालतं. यात फायदा काय? तर हेच २४३ पौंड पगार म्हणून हातात आले असते तर त्यातले अठ्ठ्याहत्तरच्या आसपास कर आणि विमा मिळून गेले असते. पगार म्हणून ते आलेच नाहीत, म्हणून त्यांच्यावर करही नाही. आई आणि वडील दोघेही आपापल्या नोकरीत हे करू शकतात. ऋजुताने तर हॉस्पिटलात रुजू झाल्या दिवशीच फॉर्म भरला होता, मला न सांगता. (मी विचारलं, बाळ आत्ता मी सांभाळते आहे, मग माझ्या नावाने व्हाउचर का नाही? उत्तर मिळालं की घरच्या आजीला चालत नाही आणि पाहुणीला तर काम करायचीच परवानगी नाही. जिल्ह्यातल्या निम्म्या अंगणवाड्या मी उभ्या केल्या, पण वॉटफर्डला माझी नोंदणी नाही.) आणि घाई अशी की ही योजना ४ ऑक्टोबरपासून नव्या माणसांना बंद. जे आत आहेत ते राहतील, बाहेरचे कायमचे बाहेर. मिहीरच्या कंपनीत फॉर्म द्यायची शेवटची तारीख होती शुक्रवार, २१ सप्टेंबर.

तर त्याच्या आधीच्या शनिवारी मिहीरने तो फॉर्म जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि मी चष्मा लावून वाचला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की माझा पगार अमुक इतका कमी करायला माझी संमती आहे, आणि खाली सहीची जागा. मधुमती, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? आपल्याला तर पगार हा शब्दसुद्धा मिळाला नाही, मानधन म्हणाले. त्यात अडीचशे रुपये वाढवून घ्यायला आपण अकरा दिवस रस्त्यावर बसलो, तुझा गुडघा तिथूनच बिघडला. आणि इथे शिकलेसवरलेले इंजिनीअर स्वतःच्या पेनाने स्वतःचा पगार कापून घेतात आणि वर दुसऱ्यांना सांगतात, तू पण भर. मी बोलायला उभी राहिले. चाळीस मिनिटं बोलले. मजुरीचा इतिहास सांगितला, गिरण्या सांगितल्या, पगाराऐवजी मालकाच्या दुकानाची कूपनं घ्यावी लागणारे याच देशातले खाणकामगार सांगितले. मिहीर लॅपटॉप बंद करून ऐकत होता. या मुलाने सहा वर्षांत माझं एकही मत मानलेलं नाही, फोडणीत हिंग कधी घालावा याबद्दलसुद्धा. तो शांतपणे म्हणाला, "आई, पटलं," आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये पिझ्झाच्या जाहिरातींखाली ठेवून दिला. त्या आनंदात मी श्रीखंड केलं.

सोमवारी ऋजुताने विचारलं, फॉर्म दिला का. मग ड्रॉवर उघडला, आणि तोंडंही उघडली. तेव्हा कळलं की मिहीरला माझं भाषण पटलं वगैरे काही नव्हतं. त्याला भीती होती. त्यांच्या व्हिसाच्या कार्डावर लिहिलेलं असतं की सरकारी निधीतून मदत घ्यायची नाही. सरकारची दुसरी एक नवी योजना आहे, त्यात तुम्ही ऐंशी पेन्स भरले की सरकार वीस घालतं, पण ती या कार्डवाल्यांना मिळत नाही. मग व्हाउचर तरी चालतं का? घेतलं आणि उद्या व्हिसा वाढवताना कोणी बोट ठेवलं तर? फॉर्म न भरायला त्याला कारण हवं होतं, ते मी दिलं. ऋजुता हिशेब घेऊन बसली. दोघांची व्हाउचरं असतील तर घरभाडं जाऊन जेमतेम जमतं, मिहीरचं नसेल तर महिन्याला सत्तर पौंड कमी पडतात. दोन दिवस काम चालेल का, असं तिने विभागात विचारून पाहिलं होतं. तीनपेक्षा कमी नाही, म्हणाले. मग ती माझ्याकडे वळली. "आई, मूल आहे म्हणून काम सोडू नका, हे तू बायांना तीस वर्षं सांगितलंस. मी शाळेच्या युनिफॉर्ममध्ये पहिल्या रांगेत बसून ऐकलंय. आणि आता तुझ्याच भाषणामुळे मी सोडते." मी ड्रॉवरमधल्या पिझ्झाच्या जाहिराती रचायला लागले. तू तिथे असतीस तर निदान चहा तरी ठेवला असतास.

गुरुवारी दुपारी कंपनीत या योजनेची माहिती द्यायला सभा होती, घरच्यांनाही बोलावलं होतं. ऋजुताची ड्यूटी, मिहीर साडेबारापर्यंत मीटिंगमध्ये, म्हणून ईशिताला बाबागाडीत घालून बसने मी जायचं ठरलं. ऋजुताने फॉर्म गाडीच्या खिशात डायपरच्या शेजारी ठेवला आणि बजावलं, मिहीर आला की त्याला हा द्यायचा, आणि तू बोलायचं नाहीस. मी वचन दिलं. (वाटेत नर्सरी लागते, तिथल्या मुलीला मी तिचा पगार विचारला. कायद्याने यापेक्षा कमी देता येत नाही इतका. फी भरणारे रडतात, नर्सरीवाले रडतात, सांभाळणारीही रडते. मग पैसा जातो कुठे, हे मी पुढच्या खेपेला शोधणार आहे.)

सभेला वीसेक जण होते, निम्मे आपल्याकडचे. हेदर नावाची एक हसतमुख बाई पडद्यावर आकडे दाखवत होती आणि दर दोन वाक्यांनी सांगत होती की तुमचं काहीच नुकसान नाही. मी ओठ मिटून सँडविच खाल्लं. मग परीक्षित नावाच्या पुण्याच्या पोराने हात वर करून तोच व्हिसाचा प्रश्न विचारला. हेदरचं हसू जरा आखडलं. व्हिसाबद्दल मी सल्ला देऊ शकत नाही, तुम्ही वकिलाला विचारा, म्हणाली. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी, वकील कुठून आणणार? पेनं खाली ठेवली गेली, खुर्च्या सरकल्या. परीक्षित शेजाऱ्याला मराठीत म्हणाला, "राहू दे यार, सरकारी मदत निघाली तर कोण निस्तरणार?"

सरकारी मदत हे शब्द माझ्या कानात गेले आणि पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. ईशिताला कडेवर घेऊन मी उभी राहिले आणि इंग्रजीत बोलले. कसली मदत? सरकार यात एक पेनी घालत नाही. मालक घालत नाही. हा तुमचा पगार आहे. तुमच्याच मेहनतीचा पगार तुमच्यासमोर कापतात, त्याचंच कूपन करून तुमच्याच हातात ठेवतात, आणि तुम्ही थँक्यू म्हणता. याला मदत म्हणणं हा कष्टकऱ्याचा अपमान आहे. आवाज शेवटच्या ओळीपर्यंत गेला, कारण शेवटच्या ओळीतला एक जण दचकून जागा झाला. मला वाटलं, आता सगळे उठून बाहेर पडतील. तसेच बाहेर पडावेत म्हणूनच मी बोलत होते. निदान मला तसं वाटत होतं.

कोणी उठलं नाही. परीक्षित हळूच म्हणाला, "म्हणजे काकू, हे आपल्याच पगारातलं आहे. सरकारी काही नाही."

"अजिबात नाही."

"शंभर टक्के?"

"अरे, शंभर टक्के तुझाच पगार."

त्याने पेन उचललं. त्याच्यामागे शेजाऱ्याने. मधुमती, माझ्या डोळ्यांदेखत अकरा जणांनी आपापला पगार कापून घेतला आणि जाताना माझ्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मिहीर दारात उभा राहून शेवटचं ऐकत होता. त्याने गाडीच्या खिशातून फॉर्म काढला आणि गाडीच्याच टपावर टेकवून सही केली. बारावी सही त्याची. मी त्याला विचारलं, पण कर सोडणं ही सरकारची मदत नाही का? मला आत्ता सुचलं. तो म्हणाला, "आई, प्लीज, शुक्रवार संध्याकाळपर्यंत काही सुचू देऊ नका."

शुक्रवारी सकाळी हेदरने वरच्या ऑफिसातून लेखी उत्तर आणून सगळ्यांना पाठवलं. हा पगारातून होणारा कंपनीचा व्यवहार आहे, कार्डावर मनाई केलेल्या निधीच्या यादीत तो नाही. म्हणजे मी बरोबर बोलले होते, फक्त उलट कारणासाठी. हेदरने माझे आभार मानले आणि विचारलं की पुढच्या महिन्यात सायकल योजनेच्या सभेत बोलाल का. त्यातही पगार कापतात.

ऋजुताने रात्री माझ्या पानात वाढलं. मग म्हणाली, "तुला एक काम सांगितलं होतं, बोलू नकोस म्हणून." आणि हसली. तिची नोकरी राहिली, तीनही दिवस. आता तू मला सांग, मी त्या योजनेच्या बाजूने बोलले की विरोधात? इतिवृत्तात लिहायची वेळ आली तर काय लिहिशील?

गुडघा सांभाळ. बायांना माझा नमस्कार सांग, पण ही हकीकत सांगू नकोस.

आजवर एकदाही पगार कापू न दिलेली (गुरुवार वगळून),
तुझी
सुलक्षणा

ता. क. नोव्हेंबरच्या वार्षिक सभेत माझं भाषण ठेव. विषय लिहू नकोस, अजून मलाच माहीत नाही.

ता. क. दुसरा. ऑगस्टच्या पत्रात मी तुला माझ्या घरी सुतार बोलवायला सांगितलं होतं. जिन्याच्या वरच्या टोकाला लाकडी फाटक, दोन फूट आठ इंच, आणि मागच्या खिडकीला जाळी. कशासाठी ते लिहिलं नव्हतं आणि तू विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं. फॉर्म राहिला तर नर्सरी परवडणार नाही, आणि ऋजुता नोकरी सोडण्याऐवजी ईशिताला १४ तारखेला माझ्या मांडीवर बसवून अकोल्याला पाठवेल, असा माझा हिशेब होता. टेबलापाशी चाळीस मिनिटं बोलताना तो माझ्या मनात होता. तत्त्व खरं होतं, मधुमती. पण फाटकाचं मापही मला पाठ होतं. हे ऋजुताला कळलेलं नाही. कळलं असेल तर ती दाखवत नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच. सुताराला नको म्हणून सांग. तो येऊन गेला असेल तर फाटक काढू नकोस, उघडं राहू दे. ऋजुता आणि मिहीर एप्रिलमध्ये पंधरा दिवस येणार आहेत, तोवर ईशिता चालत असेल.