काचेमागचं वारं

१६ नोव्हेंबर, रविवार

मान गेली! नुसतं बोरामणीपर्यंत जाऊन आलो तर ही अवस्था, हंपीपर्यंत काय होणार? ऐंशीपर्यंत गाडी झकास. नव्वदला गेलो की हेल्मेट असं थडथडतं की समोरचा ट्रक दोन-दोन दिसतो. आणि आवाज! महेश्वरी मागं बसली होती. मी वाटेभर बोलत होतो, तिला एक अक्षर कळलं नाही. मलाही माझं कळलं नाही, ते सोडा.

वेग वाढला की तिचा पंजा माझ्या पाठीवर येतो. भित्री! घरी आल्यावर विचारलं, मान दुखते का? तर म्हणे, "वारं हाय, लागणारच की." विषय संपला. आमची बायको कधी तक्रार करील तर शपथ.

२० नोव्हेंबर

गाडीला पुढं लावायला उंच काच मागवली. टूरिंगवाले हीच लावतात म्हणे. गल्ली हसतेच आहे — साठीला आलेला माणूस आणि एवढी मोठी गाडी! हसू देत. माग विकून दोन वर्षं झाली. टॉवेलचा धंदा सांभाळताना मी कायम पेठेत, ती कायम कारखान्यात, बारा मागांच्या खडखडाटात. दोघांनी मिळून कुठं जाणं झालंच नाही. आता संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली की हंपी. ठरलं म्हणजे ठरलं.

संध्याकाळी पुण्याहून सिद्धेश्वरीचा फोन. लेकीचं तेच — घर विका, इकडंच या, तुमच्यासाठी वेगळी खोली ठेवलीय. "पण बाबा, आईला मनातून काय वाटतं ते कळू दे. मी फोनवर विचारलं की ती भलतंच काही सांगते आणि फोन तुमच्याकडं देते."

मी विचारलं तर मला तरी कुठं सांगते? "तुमी म्हणाल तसं." हे काय उत्तर झालं? आणि नेटानं विचारायला बसावं, तर ती माणसाच्या तोंडाकडं अशी टक लावून बघते की माझं वाक्य अर्ध्यातच विरघळतं. समोरासमोर आपल्याला जमत नाही, हे खरं.

म्हणून ठरवलंय — रस्त्यावर विचारायचं. दोघांची तोंडं पुढं, कुणी कुणाकडं बघायचं नाही. मोकळेपणानं बोलेल. पण त्यासाठी ऐकू तर यायला हवं! आधी वाऱ्याचा बंदोबस्त.

२३ नोव्हेंबर, रविवार

उंच काच लावली. आधीपेक्षा वाईट!!

२५ नोव्हेंबर

शाकीरच्या दुकानात. दुकानांच्या पाट्यांसाठी अ‍ॅक्रिलिक कापतो, सीटची कामंही करतो. माणूस लाख, पण त्याला सगळ्यावर एकच औषध माहीत — वाढवा. "अण्णा, आनकी चार बोटं उंच करू की." म्हटलं, उद्या घराचं दारच बसव पुढं! हसला, चहा मागवला आणि परत म्हणाला, "चार न्हाय तर दोन तरी वाढवू."

सिद्धेश्वरीनं हेल्मेटमध्ये बसवायचे स्पीकर पाठवलेत, एकमेकांशी बोलायला. महेश्वरीनं एकदा कानाशी धरून बघितले आणि कपाटात ठेवून दिले. "खुपतंय," म्हणाली. बसवायच्या आधीच खुपलं! आता काय बोलायचं?

३० नोव्हेंबर, रविवार

आज डोकं चाललं. माळ्यावर कारखान्यातलं उरलेलं सूत पडलंय, त्याचे वीतभर तुकडे केले. काचेच्या कडेला, माझ्या हेल्मेटवर, दोन्ही खांद्यांवर, महेश्वरीच्या हेल्मेटवर — सगळीकडं चिकटपट्टीनं डकवले. वारा दिसत नाही, पण सूत दिसतं ना! शाकीर त्याच्या गाडीला मोबाईल लावून शेजारून चालणार आणि शूटिंग घेणार.

आमचा अवतार बघून कुंभारीच्या फाट्यावर लोक थांबले. एकानं विचारलं, कुठली मिरवणूक? महेश्वरी इतकी हसली की तिला गाडीवरून उतरावं लागलं. कितीतरी दिवसांनी असं हसताना बघितली. वारं कमी झालं नाही, पण दिवस सार्थकी लागला.

१ डिसेंबर

व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. अजब प्रकार! काचेच्या वरच्या कडेचं सूत मागं ताठ. पण काचेच्या आतल्या बाजूचं सूत चक्क पुढं वळलेलं, वाऱ्याच्या उलट! म्हणजे काच वारा अडवते, तिच्या मागं पोकळी होते, आणि वरून गेलेला वारा ती पोकळी भरायला गरगरत खाली येतो. थेट माझ्या डोक्यावर. वारा नुसता अंगावर आला तर माणूस रेटतो. हा दोन्ही बाजूंनी थपडा मारतो, म्हणून मान जाते.

म्हणजे काच जितकी उंच, तितकी पोकळी मोठी. शाकीरला सांगितलं. "म्हंजे वाढवायची न्हाय?" किती दुःखी झाला बिचारा.

व्हिडिओला आवाज नव्हता. महेश्वरी शेजारी बसून बघत होती. मधेच म्हणाली, "शाकीर काय म्हनतोय बगा, अण्णा लई येडं मानूस हाय म्हनतोय." पेट्रोल पंपावर मोबाईल त्याच्याकडं वळला होता तेवढ्यात त्याचे ओठ हललेले. कारखान्यातली सवय! बारा मागांत कुणाचा आवाज कुणाला येणार? सगळा कारभार हातवाऱ्यांवर आणि ओठांवर. लांबच्या कोपऱ्यातला कामगार तिला काही बोलला की ही इकडून बरोबर उत्तर द्यायची. शाकीरला विचारलं तर लाजून कबूल झाला.

७ डिसेंबर, रविवार

काच चार बोटं कापली. खाली वायसर घालून बोटभर फट ठेवली — थोडा वारा खालून आत येऊ दे, म्हणजे पोकळी आपोआप भरेल आणि वरचा वारा खाली ओढला जाणार नाही. शाकीर कापताना डोळे मिटून घेत होता.

शंभरला हेल्मेट स्थिर! मी ओरडलोच. मागून काही नाही.

८ डिसेंबर

आनंद फार टिकला नाही. नवीन व्हिडिओत माझ्यावरचं सूत शांत, महेश्वरीच्या हेल्मेटवरचं पिसाळल्यासारखं. चूक माझीच. तिला मऊ बसावं म्हणून शाकीरकडून मागच्या सीटवर जाड गादी चढवून घेतली होती. त्या गादीनं तिचं डोकं नेमकं वाऱ्याच्या वाटेत नेऊन ठेवलं! प्रेमानं केलं आणि थपडा तिला बसल्या. वाईट वाटलं. एकदाही बोलली नाही.

विचारलं, का नाही सांगितलंस? "ऱ्हाऊ द्या की वारं. मला आवडतंय. लई कमी नका करू."

कमी नका करू? हे काय?

१७ डिसेंबर

सर्दी. गाडी बंद. काढ्यावर काढे.

२१ डिसेंबर, रविवार

गादी सोलून निम्मी केली. ती आता माझ्यामागं नीट आडोशाला बसते. दिवसभर जोराचं आडवं वारं होतं, खरी चाचणी झाली नाही. शाकीर म्हणाला, "अण्णा, मी बनवतो आन् तुमी कापता. असंच चालनार का?"

११ जानेवारी, रविवार

जमलं! जमलं! जमलं!

सकाळी विजापूर रोडला. वारा पडलेला, रस्ता मोकळा. नव्वद. शांत. हेल्मेटमध्ये माझा मला श्वास ऐकू येत होता. शिट्टी वाजवून बघितली — ऐकू आली! मग वेग जरा कमी केला आणि विचारलं. ओरडून नाही, साध्या आवाजात. "महेश्वरी, मनातलं सांग. पुण्याला जायचं का तुला? की इथंच राहायचं? तू म्हणशील तसं करू."

उत्तर नाही.

परत विचारलं. उत्तर नाही. पाठीवर पंजा तेवढा होता.

एवढा उपद्व्याप केला तो या उत्तरासाठी, आणि ती गप्प! धाब्यावर चहा घेताना मात्र एकदम खुशीत, भजीही मागवली. मी घुम्यासारखा बसलो. "काय झालं? दमलात व्हय?" म्हटलं, काही नाही.

१२ जानेवारी

रात्रभर विचार केला. गप्प राहणं हेच तिचं उत्तर. तिला जायचं नाही आणि मला दुखवायचंही नाही. की माझ्यावरच रागावलीय? सिद्धेश्वरीला कळवलं, आईला विचारलं, ती बोलत नाही. तिनं 'बरं' म्हणून फोन ठेवला. हंपीची हौसच गेली.

१३ जानेवारी, भोगी

आजचं लिहूनच ठेवतो.

सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. ती माझ्याकडं पाठ करून बाजरीच्या भाकरी करत होती. आज विचारायचंच, असं ठरवून गेलो होतो. म्हटलं, "महेश्वरी, खरं सांग. पुण्याला जायचंय का?" तिनं भाकरी तव्यावर टाकली. पाणी फिरवलं. ना हूं, ना चूं. रस्त्यावर झालं तेच! माझं डोकं तापलं. मोठ्यानं विचारलं. मग ओरडलो. शेजारची खिडकी उघडली, पण ही भाकरीच उलटत होती.

इथं वारा नव्हता. माग नव्हते.

ती पीठ घ्यायला वळली आणि दचकली. "अय्यो! कदी आलात?"

मी हातानं तोंड झाकलं आणि परत विचारलं. ती बघत राहिली. तिचा चेहरा असा काही झाला की मला बघवेना. मग जवळ आली, पिठाच्या हातानं माझा हात खाली ओढला.

"आता बोला," म्हणाली.

मग दोघंही ओट्याला टेकून खालीच बसलो. तवा करपत होता. तिनंच सांगितलं. "माग बंद झाले तवा वाटलं, बरं झालं, शांत वाटतंय. ते शांतच ऱ्हायलं हो." म्हटलं, सांगायचं नाही का? "लाज वाटली. तोंड दिसलं की मला समदं कळतं, मग कुणाला कळू द्यायचं कशाला? आन् गाडीवर तर लई बरं होतं. तितं कुनालाच ऐकू येत न्हाय." म्हणून वारा कमी करू नका म्हणत होती! आणि मी सूत लावत फिरत होतो.

"आणि पुण्याला?" मी विचारलं.

"हितल्या मानसांची तोंडं मला पाठ हायत. तितं सगळी तोंडं नवी. सिद्धूच्या घरात मी येड्यासारखी बसू का?"

रडलो. लिहायला लाज कसली? तीही रडली, मग म्हणाली भाकरी गेली, आणि उठली.

१८ जानेवारी, रविवार

कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली. सिद्धेश्वरीला सगळं सांगितलं; ती उद्या येतेय. हंपी नक्की.

आज कुंभारीपर्यंत चक्कर. टपरीवर चहा घेताना तिच्यासमोर नीट बसून विचारलं — ऐकू येत नव्हतं, मग पाठीवर सारखा हात कशाला? मला वाटायचं, भितेस.

"भीती कसली? तुमी बोलायला लागलात की पाठ घुमती. काय बोलताय ते न्हाय कळत. माझ्याशी बोलताय, एवढं कळतं की."

परत येताना घरापर्यंत बोलत आलो. सुचेल ते.